खालाचं सोडियम

म्हातारं माणूस असंबद्ध बोलू लागलं की आपल्याकडे दोन कारणं तयार असतात. एक, वय झालं. दुसरं, बाहेरची बाधा. रोजच्या गोळ्यांकडे सहसा कुणी पाहत नाही.

माझी खाला 72 वर्षांची. इस्पितळात दाखल होती तेव्हा एका संध्याकाळी, मगरिबच्या वेळी, ‘फजर कजा झाली’ म्हणून रडू लागली. समोरच्या पोटच्या मुलाला ओळखेना. मोहल्ल्यातल्या बायका म्हणाल्या, नजर लागली. कुणी तावीज आणलं, कुणी दम केलेल्या पाण्याची बाटली. रक्त तपासलं तर सोडियम 116. ते 135 ते 145 असायला हवं.

कारण तिच्या औषधांच्या डब्यात होतं. रक्तदाबासाठी थायझाइड गटातली गोळी ती घेतच होती. तीन आठवड्यांपूर्वी उदासीसाठी एस्सिटालोप्राम सुरू झाली होती. पहिली गोळी लघवीवाटे सोडियम घालवते, दुसरीमुळे शरीर पाणी धरून ठेवतं. दोन्ही कामाचीच औषधं, पण वयस्कर बायकांना त्यांचा हा त्रास जास्त होतो. रक्तात सोडियमच्या मानाने पाणी वाढतं, ते मेंदूच्या पेशींत शिरतं आणि त्या सुजतात. म्हणून ती भ्रमल्यासारखी झाली होती.

दोन्ही गोळ्या थांबवल्या, जास्त मिठाचं सलाईन अगदी सावकाश दिलं, पिण्याचं पाणी दिवसाला एक लिटरवर आणलं. ‘लवकर का चढवत नाही?’ असं मावसभावाने विचारलं. डॉक्टर म्हणाले, सोडियम दिवसात आठ-दहापेक्षा जास्त वाढलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

आणि दम केलेलं पाणी? सिस्टरने त्या लिटरमधूनच दोन घोट दिले. बायकांची दुआ खालापर्यंत पोचली आणि पाण्याचा हिशेबही चुकला नाही. चौथ्या दिवशी खालाने मुलाला विचारलं, ‘जेवलास का रे?’

गोळी परस्पर बंद करू नका, तेही धोक्याचं आहे. पण नवी गोळी सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत मळमळ, डोकेदुखी, तोल जाणं किंवा बोलण्यात गोंधळ दिसला तर ‘सोडियम तपासायचं का?’ एवढं डॉक्टरांना विचारा. झटका आला किंवा शुद्ध हरपू लागली तर थेट इस्पितळ गाठा. आणि जाताना औषधांचा सगळा डबा सोबत न्या.