तक्रार नोंदवली आहे

आर्णी रोडवर खोदकाम चाललंय. जेसीबीनं केबल तोडली म्हणे. कालपासून नेट नाही. मोबाइलवर तेवढा तक्रारीचा लांबलचक क्रमांक आला. ट्रायच्या २०१२ च्या नियमांत पुढे अपीलही आहे, निकाल ३९ दिवसांत. एकोणचाळीसच का, कुणास ठाऊक!

दुपारी मुद्दाम बघायला गेलो. काळ्या चिखलात काळी नळी, फाटक्या तोंडातून रंगीत धागे बाहेर आलेले. आतली काच जेमतेम केसाएवढी, १२५ मायक्रॉन. पीकविम्याचे अर्ज, पुण्यातल्या पोरांचे मेल, सगळं यातूनच धावतं. बराच वेळ उभा राहिलो. राग यायला हवा होता. वाटला तो संकोच, कुणाचं तरी खाजगी उघड्यावर पडल्यासारखा.

तार २०१३ च्या जुलैत बंद झाली. तारेची वाट कुणी पाहत नसे. ती आली की घर घाबरायचं. मेलची मात्र मी सारखी वाट पाहतो. कशासाठी, ते मेल आल्यावरही नीट कळत नाही.

परतताना सेतू केंद्राच्या पायरीवर दोघं-तिघं पासबुकं घेऊन बसलेले. एकानं विचारलं, "सर्व्हर आलं का जी?" मला केबलवाला समजला असावा.