लाईट जरा इकडं घ्या

इंदापूर तालुक्यातल्या आमच्या पिढीचं बालपण माळवदाच्या घरांत गेलं. वर तुळया, त्यावर किलच्या, त्यावर मातीचा थर. उजेड यायचा तो साण्यातून, आणि तोही ऊन कलेपर्यंत. अशा घरात लाईट आली तेव्हा गोळा कुठं टांगायचा यावर प्रत्येकाला मत होतं. जिला विचारायला हवं होतं ती चुलीपुढं होती. पहिला गोळा लागला सोप्यात, कारण पाहुणे तिथं बसायचे. चुलीपाशी चिमणीच राहिली.

मग आजीची कुरकुर सुरू व्हायची. "भाकरी करपली का कच्ची, मला काय दिसतंय?" त्यावर सगळ्या गावानं एकच तोड काढली होती. सोपा आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या भिंतीला वरच्या अंगाला भोक पाडायचं आणि गोळा त्यात लोंबता ठेवायचा. एका बिलात दोन खोल्या. पुढं १९८८-८९ पासून कुटीर ज्योती योजनेत गरिबाघरी वीज आली ती तर एकाच दिव्याची. तिथं हे भोक म्हणजे अर्धा संसार.

गोळा हलवणं अवघड नव्हतं, कारण वायर भिंतीत गाडलेली नसायची. लाकडी पट्टी आणि तिच्यावर क्लिपांनी धरलेली वायर, सगळं डोळ्यांसमोर. गावातला वायरमन मोटारीही भरायचा. आल्या आल्या तो चिनीमातीचा फ्यूज उपटून स्वतःच्या खिशात टाकायचा. मेन बंद आहे असं तोंडी सांगून पोरांच्या घरात भागत नाही. मातीच्या भिंतीत खिळा धरत नसे, म्हणून आधी भोक पाडून लाकडाची गिट्टी ठोकायची, मग पट्टी. वायर पिळून जोड, वर काळी टेप. फेज बटणातून, न्यूट्रल थेट होल्डरला. उलटं झालं तर बटण बंद असूनही होल्डरला करंट. हे विज्ञान आम्ही शाळेआधी शिडी धरून उभं राहताना शिकलो.

घरात काय चाललंय ते गोळा कुठं आहे त्यावरून कळायचं. वहिनी बाळंतीण झाली की आतल्या खोलीत झिरोचा बल्ब. (नाव झिरो, खायचा बारा-पंधरा वॅट, पण जुन्या मीटरचं चाक तेवढ्यावर फिरत नाही अशी सगळ्यांची ठाम समजूत, म्हणून रात्रभर चालू.) कुणाची दहावी असली की गोळा कोपऱ्यात. म्हैस व्यायला झाली की लांब वायर ओढून गोठ्यात, आणि त्या रात्री अभ्यासाला आपोआप सुट्टी.

वालचंदनगरला कारखान्यात असलेल्या काकांच्या क्वार्टरमधली ट्यूब बघून आमच्याकडं ट्यूब आली, पाठोपाठ पंखा आला. पंख्याला मधली जागा हवी, म्हणून लाईट भिंतीवर गेली. मधे राहिली असती तर पात्यांच्या सावल्या घरभर गरगरल्या असत्या.

उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं. बॅकवॉटरच्या काठानं ऊस वाढला आणि उसाच्या बिलातून स्लॅबची घरं उठली. स्लॅबमध्ये काँक्रीट ओतायच्या आधीच पाईप टाकावा लागतो, पंख्याचा डबा बसवावा लागतो. म्हणजे घरात कोण कुठं बसणार हे कळायच्या आधी उजेडाची जागा ठरलेली. मला हे अजून पटत नाही.

परवा चुलतभावाच्या नव्या बंगल्यात आत्या ताटात तांदूळ घेऊन निवडायला बसली. वर पीओपीत आठ दिवे, आणि ताटात तिच्याच डोक्याची सावली.

"लाईट जरा इकडं घ्या की रं."

इलेक्ट्रिशियन वर बघून म्हणाला, "आत्या, त्याला स्लॅब फोडावा लागंल."

"मग पट्टी मार."

"प्लॅस्टिकची मिळती. पण भिंतीवर दिसंल, शो जाईल."

आत्यानं एक खडा काढून बाजूला टाकला. "शो तू बघ. मला खडे बघायचेत."