दर्या आणि दऱ्या

आम्ही चौघे याच शाळेचे माजी विद्यार्थी. सध्या बडोद्यातच अप्लाइड आर्ट शिकत आहोत. बाईंनी अनुभव लिहायला सांगितला, तेव्हा कौतुकाचा लिहावा की फजितीचा, यावर आमची पुष्कळ चर्चा झाली. शेवटी फजितीचाच ठरला.

गेल्या दिवाळीपूर्वी दांडिया बाजारातील एका काकूंनी आम्हाला पहिले खरे काम दिले. त्या आणि त्यांच्या मैत्रिणी मेतकूट, भाजणी, चटण्या करून विकतात. पाकिटांसाठी लेबले हवी होती. कॉलेजातील असाइनमेंट बिघडली तर आपले गुण जातात. इथे दुसऱ्याचे पैसे जाणार होते.

कामे वाटून घेतली. एकाने चित्रे, दुसरीने अक्षरे, तिसऱ्याने मांडणी आणि चौथीने छापखान्याची धावपळ. पहिला नमुना आम्हाला फारच आवडला. काकू म्हणाल्या, "छान आहे रे, पण माझ्या सासूबाईंना वाचता येईल का?" मग अक्षरे मोठी केली. वजन, तारीख, परवाना क्रमांक, शाकाहारी पदार्थाचे हिरवे चिन्ह, सगळ्यांना जागा केली. काकूंनी प्रूफ वाचून सही केली.

चूक त्यानंतर झाली. छापखान्यातील संगणकावर आमचा जुना फॉन्ट उघडेना. आमच्यापैकी एकाने रात्री मजकूर युनिकोडमध्ये पुन्हा टाइप केला आणि कोणालाही न दाखवता फाइल पाठवली. 'खोबऱ्याची चटणी'ऐवजी १००० लेबलांवर 'खोबर्याची चटणी' छापून आली! 'ऱ'च्या जागी साधा 'र' टाइप झाला की पुढच्या 'य'वर रफार चढतो. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या डोंगरातल्या. आचार्यांना नमस्कार करायचा आणि आचाऱ्यांना जेवणाचे सांगायचे, हे बाईंनी आमच्याकडून घोटून घेतले होते. तेव्हा आम्ही हसलो होतो.

आता मात्र भांडलो. "तू दाखवलं का नाहीस?" "तुम्ही फोन तरी उचललात का?" दोन्ही खरे होते. त्याने तिघांनाही फोन केले होते आणि आम्ही झोपलो होतो.

काकूंनी विचारले, "चूक कोणाची?"

आम्ही म्हणालो, "आमची, काकू."

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "दिवाळीला बारा दिवस उरलेत. नवी कधी देता?"

चौथ्या दिवशी दिली. छपाईचा खर्च आमच्या मानधनातून गेला. कमी पडले ते खिशातून घातले. आता सहीनंतर एक काना जरी बदलला तरी नवे प्रूफ काढतो. एक जण मजकूर मोठ्याने वाचतो, दुसरा बोट ठेवून तपासतो आणि चौघांच्या सह्यांशिवाय फाइल जात नाही. यंदाही काकूंनी आम्हालाच बोलावले आहे, याचा आनंद मोठा आहे.

बालमित्रांनो, शुद्धलेखनाच्या तासाला कंटाळा आला, तर काकूंची चटणी आठवा!