मागे बसणाऱ्याचे शॉकअप

बुलेटचे मागचे शॉकअप बदलायचे की नाही, हा प्रश्न आमच्या घरात गेल्या दिवाळीपासून रेंगाळत होता. गाडी क्लासिक ३५०, जुन्या बांधणीची. इंजिनाची काही तक्रार नाही. पण उजव्या शॉकअपच्या दांडीवर तेलाचा ओलसर थर दिसायला लागला आणि त्याच सुमारास सौ.च्या कमरेचं दुखणं वर आलं. डॉक्टरांनी फोटो बघितले आणि मणक्यातली चकती सरकल्याचं सांगितलं. धक्के टाळा, म्हणाले. गाडीवर बसूच नका, असं काही म्हणाले नाहीत, आणि ती विचारणारही नव्हती. दिंडोरीच्या पुढे तिचं माहेर, म्हातारी आई तिथे एकटी. रविवारी सकाळी गाडीवर टांग मारून निघायचं आणि ऊन उतरल्यावर परतायचं, हा आमचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता आहे.

दुकानदार म्हणाला, "गॅसचे टाका साहेब, पोटातलं पाणी हलणार नाही." मूळचेही गॅसचेच आहेत, हे त्याला सांगून उपयोग नव्हता. तो बाहेर डबी असलेल्या, रंगीत स्प्रिंगांच्या जोडीबद्दल बोलत होता. किंमत कंपनीच्या साध्या जोडीच्या तिपटीहून जास्त. एवढे पैसे घालायचे तर नेमके कशासाठी, हे आधी कळायला हवं होतं.

माझ्या आठवणीतलं पहिलं शॉकअप वडिलांच्या, म्हणजे नानांच्या, राजदूतचं. एस्कॉर्ट्स कंपनीची ती गाडी मूळ पोलंडच्या आराखड्यावर बेतलेली, टू-स्ट्रोक, आडदांड. ते पेठ तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर होते. नाशिकहून पेठला जाताना सावळ घाट लागतो, आणि त्या भागातला पाऊस ज्याने पाहिलाय त्याला तिथल्या तेव्हाच्या रस्त्याचं वर्णन सांगायला नको. मी टाकीवर, नाना मध्ये, आई मागे एका बाजूला पाय सोडून, आणि तिच्या मांडीवर धाकटी. शिवाय कॅरिअरला नागलीची किंवा भाताची गोणी. खड्डा दिसला की नाना म्हणायचे, "सांभाळ गं." स्वतः ते पायदानावर जोर देऊन अर्धवट उठायचे. गुडघे वाकायचे आणि धक्का तिथेच विरायचा. आईला ती सोय नव्हती. दोन्ही पाय एका बाजूला सोडून बसलेल्या बाईला उठता येत नाही. ती फक्त कॅरिअरची दांडी घट्ट धरू शकते. धक्का सरळ माकडहाडातून वर जातो. संध्याकाळी ती कमरेला वेखंड उगाळून लावायची, ते मला आठवतं. गाडीबद्दल मात्र तिने कधी शब्द काढला नाही. गाडी घरात आली यातच त्या काळी बायकांचं समाधान मानलं जायचं.

नंतर माझी स्प्लेंडर आली. सातपूरला नोकरी लागली होती, सिडकोत दोन खोल्या घेतल्या होत्या, आणि तेव्हा आमच्यासारख्यांच्या दारात एक तर स्प्लेंडर असायची नाही तर बजाज. तिच्या मागच्या शॉकअपच्या बुडाशी पायऱ्यांसारख्या खाचा होत्या. टूलकिटमधला वाकडा पाना लावून ती कडी एक-एक खाच फिरवायची. डबलसीट जायचं असेल तर वर, एकट्याने जायचं असेल तर खाली. बहुतेक लोक ती कडी गाडी विकेपर्यंत एकदाही फिरवत नाहीत. गाडी दुकानातून येते तशीच वापरतात.

ही कडी फिरवल्याने स्प्रिंग कडक होते, हा सार्वत्रिक समज आहे. तो कसा चुकीचा, हे मला माझ्या मावसभावाने समजावून सांगितलं. तो अंबडच्या औद्योगिक वसाहतीत शॉकअपच्याच कामावर होता. नाशिककरांना फारसं ठाऊक नसतं, पण देशातल्या दुचाकींचे शॉकअप ज्या थोड्या गावांत बनतात त्यांत आपलं गाव आहे. १९६१ साली मुंबईत सुरू झालेल्या गॅब्रिएल इंडियाचा एक कारखाना अंबडला आहे. तिकडे संभाजीनगरजवळ वाळूजला एन्ड्युरन्सचा आहे. म्हणजे खड्डे खाणारी माणसंही इथली आणि खड्डे पचवणारी वस्तूही इथलीच.

मावसभावाच्या घरी टीव्हीखालच्या कपाटात उभं चिरलेलं एक शॉकअप ठेवलंय. ते हातात घेऊन बघण्यासारखं आहे. करंगळीएवढ्या जाडीची, आरशासारखी चकचकीत दांडी. तिच्या टोकाला रुपयाच्या नाण्याहून थोडा मोठा दट्ट्या. दट्ट्याला बारीक भोकं, आणि भोकांवर कागदासारख्या पातळ पोलादी चकत्या. दांडी आत गेली की तेल त्या भोकांतून एका बाजूने ढकललं जातं, बाहेर आली की दुसऱ्या बाजूने. स्प्रिंग धक्का झेलते, पण झेललेलं सगळं परत फेकते. ते परत फेकणं रोखून त्याची उष्णता करून टाकायची, हे तेलाचं काम. खराब रस्त्यावर बराच वेळ चाललं की तेल तापतं, हवा मिसळून त्याला फेस येतो आणि शॉकअप पोकळ होतं. फेस येऊ नये म्हणून नायट्रोजनचा दाब भरतात. दुकानदाराचा 'गॅस' तो हा. गॅसवर गाडी तरंगत नाही.

"कडीने स्प्रिंगची ताकद तेवढीच राहते," मावसभाऊ म्हणाला. "फक्त गाडी वर उचलली जाते. दोघं बसल्यावर जी खाली जाते ती भरून काढायला ती कडी. ताकद वाढवायची तर स्प्रिंगच दुसरी लागते."

बुलेटचा या सगळ्याशी जुना संबंध आहे. १९४८पर्यंत बहुतेक मोटारसायकलींचं मागचं चाक सांगाड्याला घट्ट बांधलेलं असायचं. शर्यतवाल्यांची समजूत अशी की मागे स्प्रिंग घातली तर चाकाची पकड जाते. रॉयल एनफिल्डने १९४८मध्ये बुलेटचे नमुने, मागच्या चाकाला झुलता चिमटा आणि दोन शॉकअप लावून, स्पर्धेत उतरवले. त्याच वर्षी इटलीत झालेल्या सहा दिवसांच्या खडतर स्पर्धेत जिंकलेल्या ब्रिटिश संघात यातल्या दोन गाड्या होत्या आणि दोन्ही चालकांनी सुवर्णपदकं मिळवली. १९४९मध्ये ती गाडी बाजारात आली. पुढे आपल्या लष्कराने तीच निवडली आणि १९५५पासून मद्रासला ती जोडली जाऊ लागली. हिमालयातल्या सैनिकांपासून निफाडच्या द्राक्षबागायतदारापर्यंत बुलेटने जी माणसं जिंकली, त्यांत इंजिनाच्या आवाजाइतकाच त्या मागच्या चिमट्याचा वाटा आहे, असं माझं ठाम मत आहे.

पण माझ्या क्लासिकची बैठक बघा. चालवणाऱ्याच्या सीटखाली दोन जाड स्प्रिंगा आहेत. मागे मडगार्डवर एक चौकोनी गादी. म्हणजे मला दोनदा झेलणारं काहीतरी आहे, सौ.ला एकदाच. शिवाय मी दोन चाकांच्या मधे बसतो, माझं वजन दोन्हीकडे वाटलं जातं. ती जवळपास मागच्या आसावरच बसते. तिचं जवळजवळ सगळं वजन त्या दोन शॉकअपवर आणि त्या दोन शॉकअपचा जवळजवळ सगळा धक्का तिच्यावर. मागचे शॉकअप मागे बसणाऱ्याचे असतात, असं मी धरून चाललोय.

कायद्याने मागे बसणाऱ्याचा विचार केलेला आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत १२३ क्रमांकाचा नियम आहे. धरायला कडी हवी, पाय ठेवायला पायदान हवं आणि कपडे चाकात अडकू नयेत म्हणून निदान निम्मं चाक झाकणारी जाळी हवी. आपलं साडीगार्ड ते हेच. हाताचा, पायाचा आणि पदराचा विचार झाला. पाठीचा विचार मात्र घरच्या माणसाला करावा लागतो.

गतिरोधकांचंही तसंच. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, गोलाईने चढणारा-उतरणारा असावा, असं दिलंय. आमच्या कॉलनीत हातभर रुंदीचा डांबराचा उंचवटा आहे. तो कुणी, केव्हा घातला, ते कुणीच सांगत नाही. सिंहस्थ आला की शहरभर खोदकाम निघतं. रस्ते होतात, नाही असं नाही, पण होईपर्यंत मणक्यांना वाट बघावी लागते. ही बाब नगरसेवकांच्या कानावर घालायची ती मी घालतोच.

तर निर्णय. आधी मोजमाप केलं. गाडी मधल्या स्टँडवर घेतली, मागचं चाक अधांतरी. आसापासून वर मडगार्डवर चिकटपट्टीची खूण केली आणि मुलीने टेप धरला. मग गाडी खाली घेऊन मी एकटा बसलो. चाक २४ मिलिमीटर आत गेलं. या गाडीच्या मागच्या चाकाची हालचाल सगळी मिळून ८० मिलिमीटर, आणि बसल्यावर साधारण तिसरा हिस्सा खर्च व्हावा असा ठोकताळा आहे. तेव्हा माझ्यापुरतं बरोबर होतं. मग सौ. बसली, माहेरी न्यायची पिशवी मांडीवर घेऊन. ४३. अर्ध्याहून जास्त हालचाल गाडी जागची हलायच्या आत संपलेली. उरलेल्या ३७ मिलिमीटरमध्ये दिंडोरी रस्त्यावरचे खड्डे बसवायचे. ते संपले की रबर ठोकरतं, आणि तो ठोका थेट तिच्या चकतीवर. कडी शेवटच्या खाचेवर नेली तर आकडा ३६वर आला. ठोकर कमी झाली, पण गाडी उसळायला लागली. सीट दाबून सोडली की एकदा वर येऊन थांबायला हवी. ही दोन-तीनदा झुलत होती. तेल गेलं होतं, हे उघड होतं.

म्हणजे जोडी बदलावी लागणारच होती. साधी की भारी, एवढंच उरलं. ते मी ठरवण्यात अर्थ नव्हता. पुतण्याच्या क्लासिकला तसली भारी जोडी बसवलेली आहे. ती गाडी मागून घेतली आणि सोमेश्वरपासून गंगापूर धरणाच्या बाजूला गिरणाऱ्यापर्यंत गेलो. उतरल्यावर सौ.ने शांतपणे सांगितलं, "अहो, मोठा खड्डा आता कमरेत येत नाही. बारीक खडखड मात्र तशीच आहे. ती गादीतून येतेय." इतकं नेमकं निदान मला कुठल्याच गॅरेजवर मिळालं नव्हतं.

पुतण्याची गाडी परत केल्यावर त्याला आमची गाडी चालवायला दिली आणि मी मागे बसलो. मागून रस्ता दिसत नाही. समोर दिसते ती पुढच्याची पाठ. चालवणाऱ्याला खड्डा आधी कळतो, अंग आपोआप तयार होतं. मागच्याला तो बसल्यावरच कळतो. आईच्या बाबतीत नानांचं "सांभाळ गं" किती मोलाचं होतं, ते त्या गादीवर समजलं. शॉकअपइतकंच ते कामाचं होतं.

शेवटी भारी जोडी घेतली, पण सगळ्यात भारी नव्हे. दोघांच्या वजनाची स्प्रिंग आणि उसळी कमी-जास्त करायची सोय, एवढंच बघितलं. बाहेरच्या डबीचा आम्हाला उपयोग नाही. आम्ही ताशी साठच्या वर जात नाही आणि तेल फेसाळेल इतकं लांबही जात नाही. एकटा चालवताना गाडी आता किंचित कडक वाटते. ते मला चालतं. नोकरीला मी कंपनीच्या बसने जातो, बुलेट दोघांसाठीच निघते. मागची गादी कुशनवाल्याकडून नव्याने भरून घेतली, आत दाट फोम घालून. खर्च शॉकअपच्या मानाने काहीच नाही आणि बारीक खडखड त्यानेच थांबली.

तुमच्या गाडीवर कुणी नेमाने मागे बसत असेल, तर दुकानात जायच्या आधी एवढं करा. टेप घेऊन दोघांच्या वजनाने चाक किती आत जातं ते मोजा, कडी योग्य खाचेवर आणा, आणि तुमचीच गाडी दुसऱ्याच्या हातात देऊन रोजच्या रस्त्यावर एकदा मागे बसा. पैसे घालायचे की नाही, ते मग ठरवा. आणि ठरवताना मागे बसणाऱ्याला विचारा.