झोळी आणि थैली

देवगोईचा घाट चढून आम्ही मोलगीस पोहोंचलों, तेव्हां बाजाराचा दिवस होता. आमचूर व मोहाच्या ढिगांमधून वाट काढीत असतां समोरून चौघेजण बांबूला बांधलेली झोळी घेऊन आले. झोळींत बाळंतीण व तिच्या कुशीस नुकतेंच जन्मलेलें मूल होतें. मोटार न पोहोंचणाऱ्या पाड्याहून ते पहांटे निघालेले. झोळी ग्रामीण रुग्णालयाकडे गेली आणि बाजार पुन्हां सुरू झाला.

त्या रात्रीं आम्हीं एक खेळ मांडला. सरकारची थैली क्षणभर आपल्या हातीं आहे व पैसा अपुरा आहे असें समजून खर्चाच्या बाबी लिहिल्या. पहिली बाब सहजच सुचली : मोठी इमारत, नवीं यंत्रें. इमारत डोळ्यांस दिसते, तिचें उद्घाटन होतें, आणि कांहीं तरी केल्याचें समाधान लाभतें.

दुसरी बाब नवजात बालकांच्या घरोघर देखभालीची. गडचिरोलींत डॉ. अभय व राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनें गांवच्याच बायकांना हें काम शिकविलें. १९९९ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासांत नवजातांचे मृत्यु ६२ टक्क्यांनीं घटल्याचें दिसलें. खर्च अल्प, फळ मोठें. तिसरी बाब सिकलसेलच्या तपासणीची. आईबाप दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्यास हा रोग होण्याचा संभव चारांत एक असतो. या तपासणीचें फळ पुढच्या पिढीस मिळावयाचें. आज तिचे आभार कोण मानणार?

चौथी बाब नर्मदेवरील तरंगत्या दवाखान्याची. काठावरची वस्ती विरळ, म्हणून दरडोई खर्च भारी. गणित म्हणालें, ही वगळा. पण सरदार सरोवराच्या पाण्यानें महाराष्ट्राचीं ३३ गांवें बाधित झालीं, आणि त्या पाण्याची वीज दूरच्या शहरांत गेली. ज्यांच्या दारीं आपण पाणी आणिलें, त्यांच्या दारीं नाव पाठविणें हा उपकार नसून देणें आहे. गणितांत देणें आधीं वजा करावें लागतें.

तेव्हां इमारतीवर रेघ मारावयास लेखणी उचलली, आणि झोळी आठवली. मूल सांभाळणारी बाई गांवीं असली, तरी रक्तस्राव होणाऱ्या मातेस रक्त व डॉक्टर यांवांचून गति नाहीं. म्हणून इमारत व यंत्रें खोडलीं. मुक्कामीं राहणारा डॉक्टर आणि रक्ताची सोय राखली. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानें दोन तृतीयांश वा अधिक पैसा प्राथमिक सेवेस द्यावा असें म्हटलें आहे. आमचा कागदही तेथेंच येऊन थांबला.

इतकें करूनही बेरीज थैलीपेक्षां मोठीच निघाली. आणखी एक रेघ मारणें प्राप्त होतें. आम्हांपैकीं प्रत्येकानें निराळी बाब सुचविली, आणि कोणाच्याही सूचनेंत स्वतःच्या घरचें माणूस झोळींत नव्हतें. मग एवढेंच ठरलें कीं, जी बाब वगळावी तिचें कारण झोळी वाहणाऱ्या त्या चौघांपुढें उभें राहून सांगतां आलें पाहिजे. सकाळीं निघालों, तेव्हां ती शेवटची रेघ मारावयाची राहिलीच होती.