नेटचा लपंडाव

लहानपणी कळमन्यात आम्ही पोरे लपंडाव खेळायचो तो बाजाराबाहेर ओळीने उभ्या राहणाऱ्या ट्रकांच्या आडून. लपलेला गडी सापडो न सापडो, तो पाच-पन्नास पावलांच्या आतच कुठे तरी आहे, एवढी खात्री असायची. गेल्या वर्षी फाल्गुनात मी असाच एक लपंडाव पंधरा दिवस खेळलो. फरक एवढाच, की या वेळचा गडी डोळ्यांना दिसणारा नव्हता. त्याचे नाव इंटरनेट!

आता यात लिहिण्यासारखे काय आहे, असे कुणी म्हणेल. नेट कुणाचे जात नाही? मित्रांचे जाते, आणि तासाला पडद्यावर काही दाखवू पाहणाऱ्या सरांचेही जाते. पण माझे नेट का जाते हे शोधता शोधता मला जे सापडले, ते अजून मनात सलते. म्हणून हा लेखनप्रपंच.

आमच्या घरी तारेने येणारे इंटरनेट नाही. आहे तो बाबांचा फोन आणि मामाने वापरून मला दिलेला लॅपटॉप. फोनचा हॉटस्पॉट सुरू करायचा आणि त्यावर लॅपटॉप जोडायचा, ही आमची व्यवस्था. बाबा कळमन्याच्या पंडित जवाहरलाल नेहरू मार्केट यार्डात हमाल आहेत. फाल्गुन म्हणजे तिथे मृग बहाराची संत्री आणि लाल मिरची यांची एकच गर्दी. वारा यार्डाकडून सुटला की सारी वस्ती शिंकते. बाबा संध्याकाळी समोरच्या खोलीत बाजेवर पडत. फोन त्यांच्या उशाशी, खिडकीत; कारण घरात टॉवर पकडायची तेवढीच एक जागा. मी मागच्या खोलीत, मध्ये टिनाच्या पत्र्याची भिंत. आणि समोर शिष्यवृत्तीचा अर्ज, ज्याची शेवटची तारीख जवळ येत चालली होती.

अर्ज अर्धा भरून व्हायचा, दाखले एकेक करून चढवायचे, आणि ऐन वेळी पान पांढरेफटक! पुन्हा पहिल्यापासून श्रीगणेशा. मी आधी लॅपटॉपला दोष दिला. बंद करून पुन्हा चालू करणे हा आमच्या पिढीचा रामबाण उपाय. तो दहादा केला. मित्रांना विचारले, तर जितकी तोंडे तितकी औषधे. एकाने सांगितले पासवर्ड बदल, दुसऱ्याने सांगितले फोनच बदल. मी सांगितलेले सगळे एकदम करून पाहायचो. त्यामुळे एखाद्या रात्री नेट टिकले, तरी ते कशाने टिकले हे कळायचे नाही.

शेवटी कामी आले ते कला शाखेचे तर्कशास्त्र. जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ साली आपल्या ग्रंथात कारण शोधण्याच्या पद्धती मांडल्या, अन्वय आणि व्यतिरेक वगैरे. परीक्षेपुरत्या घोकून मी त्या विसरलोही होतो. त्यांचे सार इतके साधे, की एका वेळी एकच गोष्ट बदलावी, बाकी सारे होते तसे ठेवावे, आणि काय घडते ते पाहावे. मी एक वही केली. दोनच दिवसांत लक्षात आले, की आमचे नेट दोन तऱ्हांनी जाते. कधी लॅपटॉपवरून फोनचे नावच नाहीसे होते. कधी नाव दिसते, जोडणीही दिसते, पण शेजारी 'इंटरनेट नाही' अशी पाटी येते. म्हणजे वाटेत पूल दोन आहेत. पहिला लॅपटॉपपासून फोनपर्यंत, दुसरा फोनपासून टॉवरपर्यंत. कोणता पूल पडला, हे ती पाटीच सांगत होती. मीच ती इतके दिवस वाचत नव्हतो!

पहिल्या पुलाची डागडुजी सोपी निघाली. लॅपटॉप काही वेळ झोपी गेला, की आता कुणी जोडलेले नाही असे समजून फोन हॉटस्पॉट आपोआप मिटत होता. ती सोय बंद केली. लॅपटॉपही बॅटरी वाचवण्याच्या नादात स्वतःचे वायफाय बंद करी, तेही थांबवले. मग फोनची लहर बदलली. हॉटस्पॉट सहसा दोन पट्ट्यांवर चालतो, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. पाचचा पट्टा वेगवान, पण भिंती ओलांडताना लवकर दमतो. अडीचच्या आतला हा दुसरा हळू, पण चिवट. टिन दोघांनाही अडवते. तरी दाराच्या आणि फटींच्या वाटेने चिवटाचा निभाव जास्त लागतो.

त्या २.४ च्या पट्ट्याची मला मोठी गंमत वाटली. आपल्या देशात २००५ साली तो परवान्यावाचून वापरायला मोकळा झाला. तेव्हा वायफाय तिथेच, ब्लूटूथ तिथेच, मायक्रोवेव्हची भट्टीही तिथेच. अगदी यार्डातला गजबजलेला ओटा! पण हर्रासात ज्याचा आवाज मोठा त्याची बोली ऐकू येते. वायफायची रीत त्याहून सभ्य. प्रत्येक यंत्र आधी कान देऊन ऐकते, दुसरे कुणी बोलत असेल तर थांबते, आणि मगच आपले म्हणणे मांडते. ही रीत वाचून मी कौतुक केले खरे, पण ऐकण्याचा तो धडा माझ्यासाठीच होता, हे तेव्हा उमगले नाही.

कारण फोनचे नाव नाहीसे होणे थांबले, तरी 'इंटरनेट नाही' ही पाटी येतच राहिली. मग मी वायफायचा प्रश्नच निकालात काढला. खिडकीतला फोन मागच्या खोलीत आणला आणि केबलने थेट लॅपटॉपला जोडला. टॉवर थोडा कमी पकडत होता, पण नेट चालले. वीस मिनिटे गेली, पाटी आली, आणि त्याच क्षणी माझ्या हाताशी फोन वाजू लागला. पडद्यावर मुकादमाचे नाव होते.

मी वही उघडली. साडेआठ, पावणेनऊ, नऊ वाजून दहा. या साऱ्या वेळी समोरच्या खोलीतून बाबांचे बोलणे ऐकू आले होते. "किती गाड्या हायेत? कोनत्या ओट्यावर?" कानांनी सगळे ऐकले होते. पण ते बोलणे मी घरातला गोंगाट समजत होतो. फोन दूर होता तोवर मला फक्त माझे नेट जाताना दिसे, त्याच वेळी तिकडे काय येत आहे ते दिसत नसे.

उलगडा असा होता. बाबांच्या फोनमध्ये दोन सिम. एक जुना नंबर, जो यार्डात सगळ्यांना पाठ आहे. दुसरे नेटच्या स्वस्त पॅकसाठी मी घ्यायला लावलेले. पण आमच्यासारख्या साध्या फोनात दोन सिमांना मिळून टॉवरशी बोलणारा रेडिओ एकच असतो. एका सिमवर बोलणे चालू असले, की दुसऱ्यावरचे नेट थांबते. एका खांद्यावर एका वेळी एकच पोते, हा हमालीचा नियमच म्हणा ना! मित्राला फोन करायला लावून पाहिले. रिंग आली की नेट गेले, फोन ठेवला की आले. हा अन्वय झाला. आता व्यतिरेक उरला होता, आणि अर्जाची शेवटची रात्रही तीच होती. बाबांचा डोळा लागला होता. मी त्यांचे जुने सिम सेटिंगमध्ये जाऊन बंद केले.

नेट एकदाही गेले नाही. सारे दाखले चढले, अर्ज गेला, पोचपावती आली. मिलचा सिद्धांत सिद्ध झाला, म्हणून मी एकटाच हसलो. फोन बाबांच्या उशाशी ठेवला आणि झोपलो. सिम पुन्हा चालू करायचे राहून गेले.

पहाटे चार वाजता बाबा आपले आपणच उठले. रात्री संत्र्यांच्या गाड्या लवकर आल्या होत्या. मुकादमाने फोन केले, लागले नाहीत. टोळीने बाबांच्या जागी दुसरा गडी घेतला आणि माल उतरवून टाकला. बाबा यार्डातून तसेच परत आले. मी जागा झालो, काय झाले ते कळले, आणि चाचरत सगळे सांगून टाकले. वाटले, आता बोलणी बसणार. त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा खुंटीला अडकवला आणि विचारले, "तुह्यं काम झालं ना?" मी मान हलवली. "मंग झालं," म्हणाले आणि बाजेवर आडवे झाले. रागावले असते तर बरे झाले असते.

खरा उपाय त्याच दिवशी, पाच मिनिटांत झाला. नेटचा पॅक जुन्या नंबरवरच घेतला आणि सेटिंगमधली व्होएलटीई ही सोय चालू केली. तिच्यामुळे बोलणेही त्याच फोर-जीच्या वाटेने जाते, नेटला थांबावे लागत नाही. दोन ओझी एकाच खेपेत! हा उपाय आदल्या रात्रीही हाताशी होता. पण मी दोष शोधत होतो तो माझ्या अडचणीपुरता. फोन ज्याचा आहे त्याला एकदा विचारावे, हे काही केल्या सुचले नाही. मी ज्याला व्यत्यय म्हणत होतो, ती बाबांची भाकरी होती. माझ्या हॉटस्पॉटच्या कितीतरी आधीपासून तो फोन त्यांच्या कामाचे हत्यार होता, आणि मी तो उसना वापरत होतो.

आता रात्री मी मागच्या खोलीत वाचत असतो. समोरून आवाज येतो, "किती गाड्या हायेत?" पडद्यावरचे पान चालूच राहते. पण मी क्षणभर थांबतो आणि कोणता ओटा, किती वाजता, ते नीट ऐकून घेतो. न जाणो, बाबांचा डोळा लागलाच, तर वेळेवर उठवायला घरात कुणी तरी हवे.