आख आणि पंख

पौष पौर्णिमेला औंधच्या यमाईची यात्रा भरते. एके काळी या यात्रेसाठी गावोगावच्या बैलगाड्या रस्त्याला लागत, आणि निघण्यापूर्वी सुतारांच्या दारी त्यांची रांग लागे. कोणाच्या चाकाचा आरा ढिला झालेला असे, तर कोणाची धाव सैल पडलेली असे. त्या दिवसांत नावाजलेले एक वृद्ध सुतार औंधला राहत. त्यांच्या हातांत आता पूर्वीचा जोर उरला नव्हता. पण लाकडावर बोटाने टिचकी मारून ते आतून कसे आहे हे सांगण्याची त्यांची विद्या मात्र शाबूत होती.

त्यांचा नातू विमानदुरुस्तीचे शिक्षण घेऊन एका फ्लाइंग क्लबात नोकरीस लागला होता. यात्रेसाठी तो घरी आला खरा. पण त्याचे लक्ष कशातच लागेना. रात्री जेवणे आटोपल्यावर आजोबांनी विचारले, "काय रे, कसली एवढी काळजी लागली आहे?"

"एका जुन्या विमानाची, आबा," नातू म्हणाला आणि सर्व हकिगत सांगू लागला.

ते विमान पायपर कंपनीचे होते. दोघांनाच बसता येईल एवढे लहान, अंगावर कापड ताणून बसवलेले. त्याचे पंख छपरासारखे डोक्यावर होते आणि त्यांना दोन्ही बाजूंनी दोन-दोन तिरक्या पोलादी नळ्या जोडलेल्या होत्या. या नळ्यांना स्ट्रट म्हणतात.

"म्हणजे पंखांना दिलेला टेकूच की!" आजोबा म्हणाले.

"जमिनीवर टेकूच, आबा. पण विमान उडू लागले, म्हणजे उलटे होते. हवा पंखांना वर उचलते आणि या नळ्या त्यांना खाली ओढून धरतात. जमिनीवरचा टेकू आकाशात दोर होतो."

या नळ्यांचा शत्रू म्हणजे गंज, आणि तो आतून लागतो. पोकळ नळीत दमट हवा शिरते, थंडीने तिचे पाणी होते आणि ते थेंब उतारावरून खालच्या टोकाशी साचतात. बाहेरचा रंग चकचकीत राहतो आणि आत पोलाद झिजत जाते. म्हणूनच पूर्वी कारागीर अशा नळ्यांत जवसाचे तेल फिरवून आतून त्याचा थर देत. हे ऐकताच आजोबांना मौज वाटली. जवसाचे तेल तर त्यांच्याही दुकानात लाकडाला पाजण्यासाठी असेच.

"पण नळी तुटली तर?" त्यांनी विचारले.

नातवाने त्यांना पस मॉथ नावाच्या विमानाची गोष्ट सांगितली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून मुंबईच्या जुहू येथे टपाल आणले, ते याच जातीच्या विमानातून. त्याच सुमारास परदेशांत काही पस मॉथ विमाने आकाशातच मोडली आणि माणसे प्राणांस मुकली. तेथे दोष गंजाचा नव्हता. खवळलेल्या हवेत पंख थरथरत आणि त्यांचा तिरका आधार दगा देई, असे शोधाअंती आढळले. मग त्या आधाराला आणखी एक लहानसा आधार जोडण्यात आला. पंखाचा भरवसा या साध्या दिसणाऱ्या दांड्यांवर किती असतो, हे तेव्हा जगाला कळले.

पायपरच्या नळ्यांसाठी अमेरिकेच्या विमान-खात्याने १९९३ साली दोन मार्ग घालून दिले. एक, दर २४ महिन्यांनी नळ्या तपासाव्यात. ठराविक जोराने टोचून खड्डा पडतो का ते पाहावे, किंवा ध्वनिलहरींनी जाडी मोजावी. दुसरा, हवा-पाणी आत शिरू नये अशा, पूर्ण बंद केलेल्या नव्या नळ्या बसवाव्यात. म्हणजे ही तपासणी पुन्हापुन्हा करावी लागत नाही.

"मी टोचून पाहिले," नातू म्हणाला. "कोठेही खड्डा पडला नाही. पण एका नळीच्या खालच्या टोकाचा जोड काढताना चिमूटभर तांबूस भुकटी हातावर पडली. विमानाचे मालक वयोवृद्ध वैमानिक आहेत. मूळच्या नळ्यांवर त्यांचा फार जीव आहे. तपासणीत पास झाल्या, तर बदलता कशाला, असे ते म्हणतात. नियमाने मला सही करता येईल. पण हात धजत नाही."

आजोबा काही वेळ स्तब्ध राहिले. मग म्हणाले, "एका शेतकऱ्याच्या गाडीचा आख मी असाच बदलायला लावला होता. तो त्याच्या बापाने बसवलेला. टिचकी मारली, तर आवाज जरा बद्द आला. मोठ्या नाराजीने त्याने नवा आख घेतला. पुढे जुना कापून पाहिला, तर आत सुपारीसारखा टणक! गावभर माझी चेष्टा झाली."

"मग तुम्हांला वाईट वाटले असेल."

"नाही. आख चांगला होता हे कळले केव्हा? कापल्यावर. यात्रेला त्याची बायकापोरे त्या गाडीत बसणार होती. न कापता मला तेवढी खात्री देता येत नव्हती."

सकाळी दोघे यमाईच्या डोंगरावर गेले. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३८ साली स्थापन केलेले संग्रहालय त्याच डोंगरावर आहे. त्याच्याकडे बोट दाखवून आजोबा म्हणाले, "तेथे वस्तू जपायची असते. कामावरच्या वस्तूत माणसे जपायची असतात. तुझ्या वैमानिकांना सांग, जुन्या नळ्या टाकू नका; भिंतीवर मानाने लावा. आणि नव्या आल्या म्हणून निर्धास्त होऊ नकोस. मी नवा आखही ठोकून बघत असे."

नातवाने मालकांची समजूत घातली. पुष्कळ विनवणीनंतर ते कबूल झाले. नव्या नळ्या आल्या. नातवाने त्याही बारकाईने पाहून मगच बसवल्या. जुन्या चारही नळ्यांची खालची टोके कापण्यात आली. तीन आतून स्वच्छ निघाल्या. चौथीत मात्र, टोचलेल्या दोन जागांच्या मध्ये, पोलाद निम्म्याहून अधिक झिजले होते. ते पाहून वृद्ध वैमानिकांनी काही न बोलता नातवाच्या खांद्यावर हात ठेवला.

पुढे सुटीवर येताना नातवाने त्या चौथ्या नळीचा तुकडा आणि एका चांगल्या नळीचा तुकडा आजोबांस दाखवण्यासाठी आणला. आजोबांनी डोळे मिटले आणि दोन्हींवर टिचकी मारली; पुन्हा मारली. मग ते हसून म्हणाले, "मला फरक कळत नाही रे. लाकूड माझ्याशी बोलते. हे लोखंड बोलत नाही. झिजलेला कोणता, ते तूच दाखव."

नातवाने तो तुकडा वळवून कापलेली कड त्यांच्यासमोर धरली. आजोबांनी त्या पातळ कडेवरून हळूच बोट फिरवले आणि तो तुकडा आपल्या हत्यारांच्या पेटीत, पटाशीशेजारी, जपून ठेवला.